वीतभर

वाऱ्याला पाठ लावून दानित्सानं दार ढकललं,
हातात शाळेतली पट्टी, तीस सेंटिमीटरची.
"दोनदा मोजलं," म्हणाली, "सत्तावीस हजार किलोमीटर.
मेंढ्या कातरायला एवढं लांब कुणी जातं का, एलादिओ?"

नकाशा कुठला, मी विचारलं.
स्वयंपाकघरातला. लोकरवाल्या कंपनीनं दिलेला.
त्यात आपलं पुंता अरेनास डावीकडं, तळाशी,
आणि ऑकलंड पार उजव्या कडेला, खिळ्याजवळ.
तिची पट्टी अटलांटिक ओलांडून
आफ्रिकेच्या खालून
हिंदी महासागर तुडवत गेली होती.
"बाई, पोराला तू उलट्या वाटेनं धाडलंस.
कागद संपतो तिथं जग संपत नाही."

एकतीस वर्षं मी विमानतळाच्या मनोऱ्यात काढली.
वारा सांगितला, उतरा म्हटलं, थांबा म्हटलं.
गेलेलं विमान पुढं कुठं पोचलं
ते काही पाहिलं नाही.
आता गुडघे गेलेत, गणित तेवढं शाबूत आहे.

पाकिटाच्या पाठीवर मांडलं:
आपण त्रेपन्न अंश दक्षिण, ते सदतीस.
बेरीज नव्वद!
एकाची ज्या तीच दुसऱ्याची कोज्या,
अर्धी आकडेमोड आपसूक गळून पडली.
मी टाळी वाजवली.
ती पेल्यातल्या मातेकडं बघत राहिली.
"मिलान दिवसाला दोनशे मेंढ्या कातरतो,
ते मला कळतं. हे नाही."

मग कपाटावरचा पृथ्वीगोल उतरवला, धूळ पुसली.
तिनं स्वेटरच्या बाहीचा निघालेला धागा तोडला.
एक टोक इथं, एक तिथं,
आणि ताणला, तसा तो स्वतःच खाली घसरला
दक्षिणेला, बासष्ट अंशांच्याही पलीकडं,
जिथं गाव नाही, बंदर नाही,
दिवा लावून वाट बघणारं कुणी नाही.

"आठ हजार एकशे त्र्याऐंशी," मी म्हणालो,
"पाचपंचवीस इकडंतिकडं."
"या वाटेनं विमान जातं?"
"नाही.
आधी उत्तरेला सांतियागो, बावीसशे.
मग तिथून समुद्रावरून साडेनऊ हजारांच्या वर."
"म्हणजे जवळ जायला आधी लांब जायचं."
"तसंच."

ती थोडा वेळ गप्प.
"सांतियागोहून शनिवारी रात्री निघाला,
सोमवारी पहाटे उतरला.
त्याच्या रविवारचं काय झालं?"
मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.
"रविवार समुद्रावर राहिला," म्हणालो.
"मी इथं तो अख्खा काढला," ती म्हणाली.
"दोन वेळा भांडी घासली."

मग तिनं धागा सोडला, हात पसरला.
अंगठा आपल्या गावावर,
करंगळी ऑकलंडवर,
तळव्याखाली सगळं गार पाणी.
बरोबर एक वीत. ना कमी ना जास्त.
हात थोडा हलत होता;
वारा आला की माझं घरच हलतं.

"जन्मला तेव्हा," ती म्हणाली,
"अडीच वीत होता."

पट्टी माझ्याकडंच विसरून गेली.
धागा अजून गोलावर तसाच आहे, जरा सैल पडलेला.
कपाटावर परत ठेवायला हवा,
पण गोल हलला तर तो घसरेल.