पोस्टानं जात नाही

बिअर म्हणालात तर आमचा आउलिस ताटावरून उठेल.
सहती.
दुकानात मांडून ठेवायची वस्तू नव्हे ती.
तिसऱ्या आठवड्यात आंबट पडते,
पोस्टानं जात नाही.
तिच्यापाशी आपणच जावं लागतं.

मला सध्या जाता येत नाही.
दक्षिण लेबनॉनमधल्या टेकडीवरच्या चौकीत
दोन जनरेटर आणि एक पाण्याचा टँकर
माझ्या हवाली आहेत.
डिझेलच्या नोंदवहीत, मागच्या पानांवर, हिशेब दुसराच:
बार्लीचा माल्ट वीस किलो, राय दोन,
पाणी तापवायचं सावकाश, सकाळी सहापासून,
हात बुडवता येईल इतकं, मग येणार नाही इतकं,
जुनिपरच्या फांद्या तळ्याकाठच्या, कोवळ्या नकोत.
कॅप्टन लेप्पाकोस्की दर शनिवारी वही तपासतात, सही करतात.
एकदाच समासात लिहिलं होतं त्यांनी:
राय तीन घे.

परवा आउलिसचं पत्र आलं.
दोणी गोठ्यात पडून सुकली म्हणे.
एका खोडातून कोरलेली, माझ्याहून वयानं मोठी.
रोज बादलीभर पाणी ओततो तो तिच्यात,
तरी चीर गेलीच, करंगळी जाईल एवढी.
‘रायच्या पिठाचा लगदा लावलाय. धरेल.
नाही धरलं तर खाली बादली ठेवू.’
बाकी पत्रात काही नाही.

खालच्या गावात निझारची भट्टी.
पहाटेच्या गस्तीत मी गाडीची काच खाली करते,
फुगलेल्या पिठाचा वास आत यावा म्हणून.
आमच्याकडेही हेच यीस्ट, पावाचं.
त्याला खुणा करकरून सांगितलं होतं: पाव, पण प्यायचा.
पोट धरून हसला.
मग गंभीरपणे विचारलं,
दात पडलेल्यांसाठी?

मग ते चार दिवस.
बंकरमध्ये अकरा जण.
धमाके मोजायचे नाहीत असं ठरवलं,
आणि दुसरंच मोजत राहिले:
आत्ता गाळायला घेतलं असतं.
आत्ता पहिली धार. आत्ता निवतंय.
आता विरजण.
तेवढ्यात छतातून माती पडायची, हिशेब चुकायचा.
पुन्हा पाणी तापवण्यापासून.

पाचव्या दिवशी खाली गेले.
भट्टी उभी होती, शटर वाकलेलं.
निझार उंबऱ्यावर बसून सुरीनं काहीतरी खरवडत होता.
त्या रात्री भिजवलेलं पीठ
घरात कुणी नसतानाही फुगलं,
परातीबाहेर आलं, पायरी उतरलं,
आणि रस्त्याच्या कडेला वाळलं.
पिठाला काय कळतं.

मला पाहून तो आत गेला,
कागदात गुंडाळलेली यीस्टची वडी घेऊन आला.
थंड ठेव, म्हणाला. जिवंत आहे.

सांगायला हवं होतं
की मला सुटायला अजून अकरा आठवडे आहेत,
की हार्तोलाच्या दुकानात हीच मिळते, चिल्लरीत.
घेतली. शर्टाच्या खिशात ठेवली.
चौकीवर फ्रिज बंद, एक नंबर जनरेटर गेलेला,
रात्रभर तो खोलून बसले.
अंगाच्या उबेनं वडी सैल होत गेली.
पहाटे खिसा ओला, चिकट,
आणि मान खाली घातली की वास,
दोणीत पाहावं तसा.

वहीत नोंद केली: एक नंबर चालू, ०४.४०.
समासात: राय तीन.