भिशीचे पैसे

भिशी यंदा मालनला लागली.
लागते तेव्हा फ्रिज येतो, पोराची फी जाते,
एकदा तर नुसतीच गॅलरीची ग्रिल झाली.
या वेळी म्हणाली, कोलव्याला जाऊ.
मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं.
आणि दोघींनी ड्यूट्या बदलून घेतल्या.

मिरजेहून रात्रीची गाडी, स्लीपर.
धपाटे, शेंगांची चटणी, झाकण हरवलेला थर्मास.
दूधसागर अंधारात गेला.
मी जागी होते, पण दिसलं काहीच नाही,
फक्त कुणीतरी मोठ्यानं ओतत होतं काहीतरी
आणि गाडी त्याच्या कडेनं हळूच चाललेली,
रात्री आपण वॉर्डातून जातो तशी.

खोली एस्पेरांसाबाईंची, घराच्या मागल्या अंगाला.
सातशे रुपये, पंखा.
"सीझन खंय सुरू जाला अजून," म्हणाल्या
आणि सहाशेच घेतले.
अंगणात पांढरा क्रूस, त्याला कालचा झेंडू.
कोपऱ्यावर पदेराचा भोंगा वाजला
तशा आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो.
कोण सीरियस?
मग पाव घेतले. चार.
खाटेवर पाय सोडून, चहात बुडवून खाल्ले.

समुद्र मालननं पाहिलाच नव्हता.
वय बावन्न, त्यातली एकोणतीस वर्षं लेबर रूममध्ये.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
ती मनगटावरचं घड्याळ धरून उभी.
"मिनिटाला सात," शेवटी म्हणाली,
"श्वास फार कमी पडतायत गं याचे."
त्यावर जे हसू फुटलं
ते साड्यांसकट ओल्या वाळूत बसूनही थांबेना.

शॅक अजून बांधून व्हायचे होते.
नुसते बांबू, झावळ्यांचे ढीग, लांबून येणारी ठोकाठोक.
एका पोरानं दोन खुर्च्या आणून टाकल्या.
भाडं विचारलं तर म्हणाला, लिंबूसोडा घ्या.
एकच घेतला. दोन नळ्या.
साडेतीन तास कुणी "सिस्टर" म्हणून हाक मारली नाही.
मीच एकदा वळून बघितलं, उगीच.

रविवारी सकाळी रापण.
दोन दोरांना वीसेक माणसं, पाणी अजून गार.
एक म्हातारा ओरडला, "बाय, ओड गो!"
बहुतेक थट्टाच असावी.
मालननं चपला काढल्या, पदर खोचला,
टाचा रुतवून मागं कलली,
आणि तोंडातून तिच्या नकळत आपलं नेहमीचंच:
लाव जोर. श्वास घे. आता परत.
आलं, आलं, थोडंच राहिलं.
शाबास माझी बाई.
दोराची दोन्ही टोकं तिच्या तालावर चालायला लागली.
जाळं वाळूवर आलं,
बांगडे, तारले, एक रागावलेला खेकडा,
सगळं ओलं, चकाकतं, तडफडतं.
मालननं हात पुसला आणि घड्याळ बघितलं.
"आठ वाजून बारा मिनिटं," म्हणाली.
लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

वाट्याला सहा बांगडे आले.
एस्पेरांसाबाईंनी दोन तळले, चारांचं हुमण केलं,
मसाल्याचे पैसे घेईनात.
आम्ही पन्नासाची नोट मिठाच्या बरणीखाली ठेवली
आणि त्यांनी ती बसपर्यंत येऊन परत दिली.

परतीच्या गाडीत हिशोब:
तिकिटं, खोली, पाव, सोडा, एक टोपी (कुणासाठी, ते सांगितलं नाही).
बाराशे चाळीस उरले. पुन्हा मोजले, तेवढेच.
"ग्रिलला रंग लागेल," म्हणाली,
तळहातावरचे फोड फुंकत फुंकत झोपली.

दूधसागर या वेळी उजेडात आला.
अख्खा डबा दारा-खिडक्यांना लोंबकळला.
तिला हलवायला हात पुढं केला, मागं घेतला.
किती रात्रपाळ्यांची झोप होती ती, कोण जाणे.
पांढरं पाणी समोरून सरकत होतं.
मोबाइल धरून ओरडणाऱ्या एका पोराला म्हटलं,
हळू रे बाळा,
इथं माणूस झोपलंय.