मधली चित्रं

ओगिकुबोत पहाटेचे तीन.
उजेडाच्या काचेवर कानाएचा कागद.
मुलगी मान वळवते आहे.
पहिलं चित्र दुसऱ्या कुणाचं, शेवटचंही,
मधली अकरा हिची.

मालिका एप्रिलात येणार.
स्टेशनात पोस्टर कधीच लागलंय,
मान मात्र वळायची बाकी.

फोन वाजतो. कुशिरोहून बाप,
मासळीबाजाराला निघण्याआधी
हिची आत्ता चालू असलेली मालिका बघून बसलेला.
"नावांच्या यादीत दिसलीस. थांबवून वाचलं."

"ते जाऊ दे. मांजराची उडी?
मी काढलीये ती, भिंतीवरून."

जरा शांतता. मग चहाचा घोट.
"ती होय? मी पाय आवरून घेतला."

कानाए खोडरबराचा चुरा फुंकते.
सातव्या चित्रात
मुलीचा एक डोळा दिसू लागतो.