कंबरेवरचे आकडे

फोर्ट्सहाइम, जानेवारी. बाहेर ना धड पाऊस, ना धड बर्फ.
हेर आयबर्गर टोपी न काढताच आत आले
आणि काचेवर ठेवली एक डबी, खोकल्याच्या गोळ्यांची.
कापसात अंगठी.
सोबत घड्यांवर फाटत आलेला दाखला.

"वृद्धाश्रमानं लिफाफ्यातून परत दिली,
चष्मा आणि कवळीबरोबर.
वाल्ट्राउड सात महिने तिथं होती. सातही महिने बोटात हीच.
मी कुणावर आळ घेत नाही.
पण तुम्ही बघा."

आळ घेत नाही म्हणणारा माणूस
नाव तेवढं सोडतो, बाकी सगळं सांगून मोकळा होतो.

आधी फुंकर मारली. वाफ धरली नाही, लगेच निवळला.
हिरा तर आहे.
कुणाचा, ते त्याच्या कंबरेला विचारायचं:
वरचं अंग नि खालचं अंग मिळतात ती धार,
तिथं लेझरनं कोरलेला क्रमांक,
नुसत्या डोळ्याला धुळीचा कणही नव्हे.
पण हिरा कोंदणात बसला की कंबर झाकली जाते.
चार नख्या, आणि त्यांच्या बुडाशी
एकतीस वर्षांचं काहीतरी, राखाडी, घट्ट बसलेलं.

"धुवावी लागेल," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली. मी ती होकारार्थी धरली.

कोमट पाणी, थेंबभर साबण, यंत्राची गुणगुण.
मग वाफेचा एक झोत.
चिमट्यात तिरपी धरून केसाकेसानं फिरवत गेले.
दोन. एक. एक. सात.
मग नखी.
नखीपलीकडे शून्य, आठ, तीन, डोक्यावर उभे,
कारण मी खालून बघत होते.

"मधले तीन सोन्याखाली आहेत.
नखी उचलता येईल, पण जुनी आहे, तुटेलही."
"सात जुळले?"
"सात जुळले. तोच आहे."

मला वाटलं, आता हा माणूस टोपी काढेल.

त्यांनी अंगठी दिव्याखाली नेली.
ती लखलखली, दुकानातल्या पहिल्या दिवसासारखी, निर्लज्ज.
"ही मी ओळखत नाही," ते म्हणाले.
"तिची मंद होती. रविवारी पीठ भिजवतानासुद्धा काढायची नाही.
मी ओरडायचो."

थोड्या वेळानं:
"ते पाणी?"

आमच्या धंद्यात पाणी कुणी ओतत नाही,
सोन्याचा कण निघेल म्हणून ठेवतात.
कॉफीच्या कागदातून गाळलं.
चिमूटभर उरलं. साबण, पीठ, कातडी, काय ते
मला विचारू नका, भिंगातून पाहिलं नाही.
पुडी बांधून दिली.

ती त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
अंगठी डबीत, डबी बाहेरच्या.

दाखला मात्र इथंच राहिला.
दोनदा फोन केला.
उचलत नाहीत.