गाबोळी

फेब्रुवारीत कॉड पोटुशी होऊन येतात.
मग आमचा पट्टा रात्रीही चालतो
आणि गाबोळीच्या टेबलावर फक्त बायका.
पुरुषांच्या हातून पिशवी फाटते, मॅनेजर म्हणतो,
फाटली की भाव निम्मा.

माझ्या समोर यादविगा उभी असते,
पोलंडची, एकतीस वर्षांची.
मी एक्कावन्न. या फ्योर्डबाहेर फारशी गेलेली नाही.
आमच्या मध्ये बर्फाचं पाणी, खालून दिवा लावलेली काच,
आणि तिच्यावरून सरकणाऱ्या गुलाबी पिशव्या,
दोन पायांच्या, तान्ह्याच्या विजारीसारख्या.

हॉलमध्ये चार अंश.
माझ्या मानेवर चूल पेटते, विझते, पुन्हा पेटते.
मी गोठणघराचं दार फटभर उघडून
त्या फटीत उभी राहते.
पोरी हसतात. मीही.
माझं दुकान वेळेवर बंद होतंय, तक्रार नाही.

तिचं भर दुपारी बंद झालं.

सप्टेंबरात तिची आई गेली.
वादळ होतं, विमान रद्द.
फोनच्या पडद्यावर तिने पेटीवर माती पडताना पाहिली
आणि दुसऱ्या दिवशी सहाला कामावर हजर.
डोळे कोरडे, सुरी नेहमीपेक्षा सरळ.
आम्ही म्हणालो, खंबीर आहे हो पोरगी.
किती सोपं होतं ते म्हणणं.

डिसेंबरात बूट काढता काढता ती म्हणाली,
मावशी येत नाहीये.
त्यांच्याकडे पाळीला मावशी म्हणतात. आमच्याकडेही,
आमच्या मावशीचं नाव रोझा.
माय गेली तर मावशी तरी उरावी,
तर तीन महिने तिचाही पत्ता नाही.
दिवस गेलेत का? मी विचारलं.
कुणापासून, ती म्हणाली, कॉडपासून?

डॉक्टरीण गुरुवारी येते, रस्ता मोकळा असला तर.
मी सोबत गेले, अर्धीमुर्धी दुभाषी.
रक्त झालं, पोटावर गार जेल झालं.
सगळं जागच्या जागी आहे, डॉक्टरीण म्हणाली,
खाली सगळे तयार बसलेत, वरून निरोप येत नाही.
वरून म्हणजे? मी छताकडे पाहिलं.
तिने आपल्या कपाळावर बोट टेकवलं,
इथे, मागे, बदामाएवढी जागा आहे.
झोप तुटली, जेवण तुटलं, दुःख गिळलं,
की ती निरोप धाडणं बंद करते.

म्हणजे मनाचं आहे, यादविगा म्हणाली,
म्हणजे काही झालेलं नाही.
नाही, डॉक्टरीण म्हणाली. म्हणजे झालंय.

परतताना गाडीत मी तिला सांगितलं,
जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं:
त्याची होडी तीन दिवस बेपत्ता होती
तेव्हा माझं दूध आटलं.
होडी आली. दूध आलं नाही.
बाटलीवर वाढलेला तो पोरगा आता दारात वाकून शिरतो,
आणि मी अजून रेडिओवर हवामान लागलं
की नकळत छातीवर हात धरते.
वायपर फिरत होते. ती काही बोलली नाही.

काल रात्री तिच्या हातून पिशवी फाटली.
पाच हंगामांत पहिल्यांदा.
निम्म्या भावाच्या टबात न टाकता
ती ओंजळीत धरून उभी राहिली,
दाणे बोटांतून गळत होते, ओले, अगणित,
मागे पिशव्यांचा ढीग लागत गेला
आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला
जो कुठल्याच भाषेतला नव्हता.
मी लाल बटण दाबलं.
मॅनेजर धावत आला. अडकलं होतं, मी म्हणाले.
खोटं नव्हतं.

मावशी अजून आलेली नाही.
पण आज सुट्टीत तिने डबा संपवला,
माझ्या डब्यातला बटाटाही उचलला,
आणि माझ्या मानेवर चूल पेटली तेव्हा
माझ्यामागून गोठणघरापर्यंत आली.
तिला थंडी वाजते, मला उकडतं.
दार किती उघडायचं यावर
आमचं थोडं भांडण झालं.