पाय रोवून

एव्हरिस्त सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते कदंबच्या बसमध्ये,
केपे ते मडगाव,
छताला डोकं टेकून, मान वाकडी करून उभा.
नाव त्यांनी नंतर विचारलं.
आधी विचारला चपलेचा नंबर.
मी म्हणालो, मिळत नाही.
ते म्हणाले, वास्कोत मिळतो.

तोवर गावाला माझ्या उंचीचा उपयोग एवढाच:
कुळागरात शिडीशिवाय मिरी खुडायची,
लग्नाच्या मांडवात बल्ब बदलायचे.
वेळीपांचा कुष्टा, सहा फूट सात.
आईने दाराच्या चौकटीला तांबडी चिंधी बांधली होती,
मला दिसावी म्हणून.
दिसायची. तरी रोज एकदा आपटायचो.

वास्कोत बंदराचा संघ.
कोर्टाच्या एका टोकाची रिंग दुसरीपेक्षा दोन बोटं खाली,
आणि कोळशाची काजळी चेंडूवर, तळहातावर, थुंकीत.
सरांनी पहिला आठवडा चेंडू दिलाच नाही.
म्हणाले, तू सेंटर. आधी उभा राहायला शीक.
पाय रोव. हात छातीशी.
आपला माणूस तुझ्या खांद्याला घासून पळेल,
त्याच्या मागावरचा येऊन तुझ्यावर आदळेल.
हललास तर फाऊल तुझा.

एवढंच काम. एकोणीस वर्षं केलं.

हुबळीला रेल्वे, तीन मोसम, करारावर.
भिलाईत पोलाद.
चेन्नईत बँक: सकाळी काउंटरवर पासबुकं,
बायका वर बघत सही करायच्या आणि रेघ चुकायची.
इंदूरला पोलीस, परेडला सगळ्यात मागे.
मग पुण्यात एक लीग निघाली, पिवळ्या जर्सीची,
अकरा सामन्यांनंतर मालकाचा फोन लागेना.
चेक अजून आहे माझ्याकडे. अक्षर सुंदर आहे.

गाव कुठलंही असो, खाट आखूड.
पायाशी ट्रंक लावायची, तिच्यावर घोटे.
जर्सी नवी म्हणून द्यायचे,
पण पाठीवर आधीच्या माणसाचं नाव उसवलेलं,
दोऱ्याची भोकं तेवढी राहिलेली.
भिलाईत मी कुणा गुरबचनच्या भोकांत खेळलो.
माझ्या भोकांत आता कोण खेळतो, ठाऊक नाही.
घाम येत असेल त्यालाही तिथूनच.

कटकला एकदा सेकंद उरला एक, आम्ही एका गुणाने मागे,
आणि दोन फ्री थ्रो माझ्या वाट्याला.
पहिला आत. बरोबरी.
दुसऱ्याआधी रेफरीने चेंडू स्वतःच्या शर्टाला पुसून दिला,
का कोण जाणे, इतक्या मायेने
की मला हात कुठे ठेवायचे तेच सुचेना.
चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.
जादा वेळेत हरलो.
रात्री जेवताना सगळे माझ्याशी नीट बोलले.
भात वाढला, लोणचं पुढे केलं.
शिव्या घातल्या असत्या तर झोप लागली असती.

उजव्या गुडघ्यातलं पाणी मडगावला काढलं, हॉस्पिसियोत.
पिवळसर, अर्धा कप चहाइतकं.
डॉक्टर तरुण होता. म्हणाला,
एवढं कुठे धावलात?
मी म्हणालो, उभा होतो.

आता मळकर्ण्यात.
आई म्हणते, कितलो वांकलो रे तूं.
चौकटीची चिंधी तिने अजून काढलेली नाही,
तांबडी होती हे आम्हा दोघांनाच माहीत.
डोकं आपटत नाही.

यंदा वायंगणाच्या शेतात बुजगावणं मीच उभं केलं.
बांबू माझ्या मापाचा,
अंगात पुण्याची पिवळी जर्सी, न वटलेल्या चेकातली.
लोक बुजगावण्याचे हात पसरून बांधतात.
मी छातीशी बांधले.
पाय चिखलात रोवले, गुडघाभर, हलवून पाहिले.

सकाळी मोर आले. सात-आठ.
एक तर बांधावरून उडत
त्याच्या खांद्याला घासून थेट कणसांत उतरला.

तो हलला नाही.
मी घाटावर बसून बराच वेळ
शिट्टीची वाट पाहिली.