कोणासाठी घ्यायलात?

परभणीत, नानलपेठेच्या मागच्या गल्लीत
माझ्या दुकानाच्या पाटीवर 'हॉबी सेंटर' लिहिलंय,
तरी महिन्यातून एकदा कुणीतरी आत डोकावतं :
हबीब टेलर इथंच का?
नाही, ते पुढं गेले, पाण्याच्या टाकीपाशी.

इथं शौक मिळतात.
म्हणजे शौकाचं सामान. शौक ज्याचा त्यानं घेऊन यायचा.

गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी ओळखते,
असं मला वाटतं.
रविवारी रात्री साडेआठला धापा टाकत येणारा बाप :
त्याला सकाळी सातपर्यंत ज्वालामुखी पाहिजे असतो.
तहसीलमधले देशमाने, चष्मा कपाळावर :
हाली सिक्क्यांसाठी प्लास्टिकची पाकिटं.
नाणी कुणाला दाखवत नाहीत,
पाकिटं मात्र दर महिन्याला नेतात.
नवी नवरी : क्रोशाची सुई.
शहाणं लेकरू : रंग.
फार शहाणं लेकरू काहीच घेत नाही,
काचेला नाक लावून आगगाडीची चाकं मोजतं
आणि नाकाचा ठसा ठेवून जातं.
मी पुसते. कधी नाही पुसत.

मी नववीत होते तेव्हा दुकान मुनीरचाचांचं होतं.
रुमालात एकशे चाळीस रुपये, निम्मी चिल्लर.
मला ते विमान पाहिजे होतं,
बाल्सा लाकडाचं, रबराच्या पिळावर उडणारं.
चाचा म्हणाले, भाई के वास्ते?
मी म्हणाले, हो.

मला भाऊ नाही.

घरी पोचेपर्यंत त्याचं नावही ठेवून झालं होतं, वाल्मिक.
वाल्मिकला डिंक पुरेना. वाल्मिकचा पंख मोडला.
दोन वर्षं वाल्मिकसाठी मी रबरं नेली.
चाचा चिल्लर मोजत म्हणायचे,
बोल उसको, डिंक सूखने दे, जल्दी नक्को करे.

तर परवा दुपारी, चारच्या उन्हात,
खाकी शर्ट, बिल्ला काढून खिशात,
एक माणूस दोनदा दुकानावरून गेला
आणि गल्ली रिकामी झाल्यावर आत आला.
हात असे की एसटीचं स्टिअरिंगही बारीक वाटावं.
भरतकामाचा धागा आहे का?
आणि माझ्याच तोंडातून, गुळगुळीत झालेलं :
वहिनींसाठी घ्यायलात का?

तो जरा वेळ कॅलेंडरकडं बघत राहिला.
हो, म्हणाला.

पेटी पुढं ठेवली तर म्हणतो, हा पिवळा नको.
करडई पिवळ्याची लाल व्हायला लागती ना,
चारच दिवस असती तशी,
जिंतूर रस्त्याला दोन्ही अंगानं. तो पाहिजे.
लड्या उंबऱ्यापाशी उन्हात धरून बघितल्या,
आधी गल्ली बघितली, मग रंग.
मुक्कामाला रात्र जात नाही हो, म्हणाला.
म्हणजे, तिची.

डाव्या तर्जनीच्या टोकाला टोचल्याचे ठिपके,
पाच-सहा, काळे पडलेले.

पैसे मोजून आणले होते. पुडी बांधता बांधता मी म्हणाले,
त्यांना सांगा, धागा हातभरच घ्या,
लांब घेतला की गुंततो.
सांगतो.
पायरी उतरला, थांबला, मागं न वळता :
गाठ कुठून मारायची, वरून का खालून?
तिनं विचारलंय.
गाठ मारायचीच नाही म्हणावं.
टोक मागच्या टाक्यांखाली दडवायचं, धरून राहतं.

मुनीरचाचा आता लेकीकडं असतात, ऐकायला कमी येतं.
मागच्या ईदला गेले तर शीरखुर्म्याची वाटी पुढं सरकवत
विचारत होते, भाई क्या करता तेरा आजकल?
अजिबात हसत नव्हते.

मी जवळ जाऊन, कानाशी, मोठ्यानं सांगितलं :
दुकान चलाता, चाचा.